बेचिराख

आकारबंदात अजून आहे:
मौजे टोपीवाडी. शेरा, बेचिराख.
म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं गाव.
एकोणतीस एकर पोटखराबा,
बांधावर एक हिवर, आत सराटे.
साखळीचं दुसरं टोक धरायला उत्तम कांबळे.

केळणेच्या वळणावर टोपीकर उतरले
तेव्हा एकशे अकरा माणसं होती म्हणतात.
कुणी म्हणतं सतरा.
नीळ आणि सरकी घ्यायला आले,
पेटीत खिळे, बायबल, बटाट्याचं बेणं
आणि घर कसं असतं याची पक्की कल्पना.

आधी त्यांनी त्यांच्या देशातलं घर बांधलं.
उतरतं छप्पर, बर्फ घसरावा म्हणून.
चैत्रातल्या वावधानानं ते उचललं
आणि दीड कोसावर खापरखेड्याच्या मळ्यात ठेवलं.
दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच छप्पर. पुन्हा वावधान.
तिसऱ्या वर्षी दादमिया गवंडी
काही न बोलता मातीवर काठीनं रेघा ओढत बसला:
भिंत दोन हात रुंद, लिंबाच्या तुळया,
त्यावर किलचण, तरवडाचा पाला, चिखल,
आणि सगळ्यात वर पांढरी,
जी पाणी पिते आणि तोंड मिटून घेते.
विल्मट साहेब ऐकत गेला.
फक्त धुराड्यावर अडून बसला.
या उन्हाच्या मुलखात शेकोटीला धुराडं!
दादमियानं बांधून दिलं.
ते तिला चिमणी म्हणाले,
आणि आठवड्यात तिथं खरंच चिमणी राहायला आली.

त्या वस्तीत एक पोर जन्मलं.
बाळंतपण सगुणा न्हाविणीनं केलं,
पाचवीला पाटा-वरवंटा पुजला, कोरा कागद ठेवला, बोरू ठेवला.
सटवाईनं त्या रात्री कोणत्या लिपीत लिहिलं असेल,
मोडीत की त्यांच्या,
साखळी ओढताना हे मला उगाच सुचतं.

मग विल्मट मीठ आणि लोखंड आणायला सुरतेला गेला.
चार महिन्यांचं सांगून तीन वर्षांनी आला.
घरं होती. माणसं नव्हती.
रक्त नाही, राख नाही.
दारं चौकटीसकट काढून नेलेली, नीट,
बिजागरीला आधी तेल सोडून काढतात तशी.
विल्मटनं भिंतीभिंतीवर शोधलं,
कुठं एखादं अक्षर सोडलंय का.
माणसं शोधल्याचं कुणी सांगत नाही.

महामारी. पेंढारी. साती आसरांनी डोहात नेलं.
सगळं ऐकून झालंय.
खापरखेड्याची कोंडाबाई तेवढी म्हणाली,
"जायाचंच असलं तर माणूस
माळवदावर नवी पांढरी टाकून जातंय व्हय?
वीतभर ताजी व्हती म्हणं."

तिच्या गोठ्याला एक चौकट आहे,
कसल्या लाकडाची ते सुतारालाही सांगता येत नाही.
उभ्या दांडीवर खाचा, पोराची उंची मोजतात तशा.
खालच्या चारांपुढे त्यांची अक्षरं, आकडे.
वरच्या पाच नुसत्याच. कोयत्याच्या.
सगळ्यात वरची माझ्या खांद्याला लागते.
मी टेप काढला. मग ठेवून दिला.

टेकाड आता गुडघाभर उरलंय.
मृगाआधी दरसाल, गाड्याच्या गाड्या,
आसपासच्या बावीस गावांनी उपसून नेलं ते:
त्या भिंती, ती माळवदं, ती चिमणीसुद्धा,
घरटी एक थर.
रात्री मुक्काम कोंडाबाईच्या घरी.
किलचणीच्या फटीतून मधूनच
चिमूटभर काहीतरी पांघरुणावर पडायचं.
वर कुणीतरी कूस बदलावी तसं.

सकाळी चहा देताना म्हणाली,
सायेब, यंदा पांढरी आणायची राहिली,
कोपऱ्यात गळतंय.
बेचिराख गटातली माती उचलायला परवाना लागतो.
दोन गाड्या न्या, म्हणालो.